वाफेतला वजीर

तीर्थस्वरूप एतेल्काताईंस,

बुडापेस्टहून कनिष्ठ बंधू तिहामेर याचा बाष्पसिक्त दंडवत. तुझे गुडघे, भावोजींचा जठराग्नी आणि सेगेडचे हवामान ही त्रयी यथास्थित असावी. (माझे क्षेम संदिग्ध आहे; त्याचे कारण यथावकाश निवेदन करतो.)

पिरोश्काचे पाणिग्रहण करावे हा माझा गतवर्षीचा संकल्प तू जाणतेसच. तदर्थ मी व्यूह रचला. तिचे वडील देझ्योकाका रोज सकाळी उष्णोदकाच्या उघड्या कुंडात छातीएवढ्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. त्यांना मंद, कलात्मक गतीने जिंकू द्यावे, ते प्रसन्न झाले की कन्येची याचना करावी, आणि पित्याच्या शब्दापुढे तिने मान तुकवावी. (व्यूहाविना पट मांडणारा मनुष्य आणि सुकाणूविना नौका यांत भेद एवढाच, की नौका निदान तरंगते.)

काल मी काकांसमोर पट मांडला, तेव्हा हिमवृष्टी होत होती. हिमकण पाण्यावर टेकण्यापूर्वीच विरत होते. कुंडाच्या पिवळ्या भिंती वाफेत विरघळल्या. लोकरीच्या टोप्या घातलेली मस्तके देहाविना इतस्ततः तरंगत होती, जणू आळसावलेले चंद्र. समोरून एक ओला हात धुक्यातून यायचा, एखादा मोहरा हलवायचा आणि पुन्हा धुक्यात जायचा. माझे चित्त केव्हाच भविष्यात पोहोचले होते: खिडकीत जिरेनियम, मेजावर खसखशीची गोड गुंडाळी आणि ती कापणारी पिरोश्का. त्या सुखनिद्रेत माझी किती सेना कापली गेली, ठाऊक नाही.

योग्य मुहूर्त पाहून मी धुक्याला उद्देशून वदलो, की काका, हा पराभव मी बुद्धिपुरस्सर पत्करीत आहे; आणि संपूर्ण व्यूह सविस्तर विशद केला.

"आणि ती नाही म्हणाली तर?" धुक्याने विचारले.

तिचा विचार उत्तरार्धात योजला आहे, असे मी गांभीर्याने सांगितले. तोच वारा सुटला. समोर रबरी टोपी घातलेली पिरोश्का होती. (अंग फार तापले की अर्धा डाव दुसऱ्याच्या हाती देऊन गार व्हायला जायचे, ही आमच्या कुंडाची जुनी रीत. काका पलीकडच्या पायरीवर कधीचे चहा पीत होते.)

"मुद्दाम हरताय म्हणे, तिहामेरराव? तुमचा वजीर कधीचा माझ्या मुठीत आहे, पत्ता तरी आहे का? घ्या, मात."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "मला नाही म्हणायचं नाहीये हो. पण बाबांना हिवाळ्यात एकटं टाकून मी कुठं येऊ? एवढा मोठा व्यूह, आणि त्यात त्यांना जागाच नाही."

ताई, तात्पर्य हे, की नियोजन सर्वश्रेष्ठच. मात्र पटावरचा प्रत्येक मोहरा मोजावा लागतो. रात्रभर चिंतन करून मी तो मोजला आहे.

तुझा आज्ञाधारक
तिहामेर

ता. क. : सेगेडातही उष्ण कुंड आहे आणि भावोजींना बुद्धिबळाला जोडीदार मिळत नाही, असे तूच लिहिले होतेस.

पुनश्च : काका घोरतात, परंतु सुस्वर.

पुनःपुनश्च : हे पत्र टपालाने पाठवले असते, तर तुला नकार कळवण्यास अवधी मिळाला असता. म्हणून ते ज्यांच्या हाती दिले आहे, ते गृहस्थ तुझ्या दारात उभे आहेत. त्यांना आत घे. बाहेर थंडी आहे.