रजईवाल्या बिसेराचे घर ल्युबेनलाच

मी, बिसेरा दिमोवा, वय एकाहत्तर, अविवाहित, बल्गेरियातल्या कार्लोवो गावात रजया शिवणारी, कोणाच्याही दडपणाशिवाय ही शेवटची इच्छा लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणावा लागला, कारण नोटरीबाईंसमोर मी स्वतःची जन्मतारीख विसरले. विसरभोळी मी जन्मापासूनच आहे. कोणाला काय द्यायचे, हे मात्र मला नीट कळते.

१. राहते घर, परसातल्या अक्रोडासह, माझा धाकटा भाऊ ल्युबेन याला. तो आहे तोवर ते कोणी विकू नये. त्याला विशीत स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण सांगितलेले लक्षात ठेवणे, एका कामातून दुसऱ्यात जाणे त्याला जड जाई. दुधाला निघे आणि दुकानात नुसता उभा राही. चुलतभाऊ पानायोत म्हणे, "आता बरा झालाय ना? मग हा निव्वळ आळस."

पुढे इस्पितळात ल्युबेनची चाचणी झाली. डॉक्टर मिलेवा शब्द वाचत, त्याने ते परत सांगायचे. सख्ख्या नातेवाइकांनाही तपासतात, म्हणून मलाही बसवले. माझे निम्मे शब्द वाटेतच सांडले. डॉक्टर म्हणाल्या, आजार नसला तरी भावाबहिणींत ही अडचण थोडीफार दिसते. आळसाशी तिचा संबंध नाही. शाळेत मला मठ्ठ म्हणत, त्याचे उत्तर असे साठीत मिळाले.

बाहेर बाकावर ल्युबेन बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, म्हणजे तू पण माझ्यातलीच."

"मग? बहीण कुणाची आहे?"

आम्ही इतके हसलो की नर्सबाई बघायला आल्या. तेव्हापासून या घरात एका वेळी एकच काम होते. तो लोकर पिंजतो, मी शिवते. उशीर होतो, पण त्याने पिंजलेल्या लोकरीत गाठ सापडत नाही. आमचे दिवस सुखाचे गेले.

२. शिवणयंत्र, लांब सुया आणि सगळे कापड शेजारीण दोन्काला. तिने ल्युबेनला पिंजायला लोकर देत राहावे आणि त्याच्या औषधांकडे बघावे. तिने हो म्हटले आहे.

३. पानायोतला एक जाड रजई. "तुझ्यामागे ह्याला संस्थेत टाकू आणि घर विकू," असे तो माझ्याच टेबलावर, मीच भाजलेली चीजची बनित्सा खात म्हणाला होता. तरी थंडीत त्याची कंबर धरते, हे मला माहीत आहे. लोकर ल्युबेनने पिंजलेली आहे, हे त्याला रजईत शिरून ऊब आल्यावरच सांगावे.

४. मी गेल्याचे ल्युबेनला सगळ्यांनी एकदम सांगू नये. दोन्काने एकटीने त्याच्याजवळ बसावे, रेडिओ बंद करावा आणि एकच वाक्य बोलावे. तो गप्प राहिला तर त्याला समजले नाही असे धरून पुन्हा सांगू नये. थांबावे. त्याचे उत्तर येते.

वाचून पाहिले, बरोबर आहे. सही केली.

बिसेरा दिमोवा
कार्लोवो, ९ ऑक्टोबर २०२४

आमच्यादेखत सही झाली:
क्रास्तिना वेलेवा, निवृत्त पोस्ट कर्मचारी
आसेन तोनेव, बेकरीवाले