जर बिनतारीवाला झोपला असता

प्रिय टिल्लू,

तुझा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. अण्णांच्या कोटाचं माप कळव म्हणालास. ते कळवत नाही. त्यांचा जुना कोट अजून चांगला आहे, कोपरावर तेवढा झिजलाय. रविवारी तुझ्या अंतिम सामन्याला आम्ही दोघं येतोय. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेतच ठेव, पण पंख्याखाली नको, मान धरते त्यांची. बाकी जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं. फोनवर तू मध्येच हसतोस, लाडात येतोस, आणि माझा राग दरवेळी फुकट जातो. कागदावर तुला ते करता येणार नाही.

तुला गच्ची आठवते का रे? आईची निळी चादर अंथरली की नदी तयार. काडेपेट्यांचे रणगाडे, बाटल्यांच्या बुचांची फौज, आणि अण्णांनी रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून आणून दिलेले जळके व्हॉल्व्ह म्हणजे आपल्या तोफा. अण्णांच्याच लढाईचा खेळ, फक्त त्यात एकच गोष्ट बदलायची, हा नियम तुझा. जर त्या पहाटे धुकं पडलं असतं तर. जर शत्रूकडे तरंगते पूल नसते तर. तू आपली बाजू घ्यायचास आणि शत्रू नेहमी माझ्या गळ्यात. हरायला लागलास की एक बदल तुला पुरायचा नाही, तुझ्या रणगाड्यांना एकदम पंख फुटायचे. तरीही मी जिंकले की तू चादरच ओढायचास. आई म्हणायची, या दोघांचं महायुद्ध काही संपायचं नाही. तिला वाटायचं ती थट्टा करतेय.

त्या चादरीवर तू नाव काढलंस, याचं मला कौतुकच होतं. तुझ्या 'जर-तर' खेळाचा पहिला खोका घरी आला तेव्हा हॉस्पिटलातल्या सगळ्या मुलींना मी फोटो दाखवले होते. मग खोका उघडला आणि पत्ते बघत बसले. जर रडार वर्षभर आधी आलं असतं. जर रणगाडे पाण्यावर तरंगले असते. आणि मग तो पत्ता. जर बिनतारीवाला झोपला असता. खुर्चीत पसरलेला ढेरपोट्या शिपाई, कानांवरून घसरलेला हेडफोन, तोंडातून गळणारी लाळ. खाली बारीक अक्षरात, वरच्या पुलावरचे रणगाडे या फेरीत हलणार नाहीत. ढेरी तू कुठून आणलीस कोण जाणे, पण मिशा अण्णांच्या आहेत.

तो परीक्षेचा दिवस तू विसरला असशील, मी नाही. रात्रभर अभ्यास केलास, सकाळी जरा आडवा झालास आणि अख्खा पेपर झोपेत गेला. भिंतीकडे तोंड करून पडला होतास, जेवत नव्हतास, आईशी बोलत नव्हतास. अण्णा दुकान बंद करून आले आणि तुझ्या पायांशी बसले. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. दार उघडंच होतं. जी गोष्ट त्यांनी आईलाही कधी सांगितली नव्हती, ती त्यांनी तुला सांगितली. नदीकाठची पाण्याची टाकी, वर बिनतारी संच, जोडीदार तापानं फणफणला म्हणून खाली नेलेला. तिसरी रात्र. बदली माणूस येतो म्हणाले, आलाच नाही. पहाटे डोळा लागला. जाग आली तेव्हा कानात कोणीतरी घसा फोडून ओरडत होतं, खालच्या उतारावर पूल टाकतायत, पूल टाकतायत. आणि मग तो आवाजही बंद झाला. तो निरोप रणगाड्यांपर्यंत अण्णांनीच पोचवायचा होता, आणि आता उशीर झाला होता. ज्यांच्यावर लोकांनी फुलं उधळली होती ते नवे कोरे रणगाडे वरच्या पुलावर थंड इंजिनं घेऊन हुकमाची वाट बघत उभे होते. शहर गेलं. साहेबांनी वर कळवलं की संच बिघडला होता, आणि पुस्तकांतही तेच छापलं गेलं. संच ठणठणीत होता. मला वाटतं, त्या संचावर खोटा आळ आला म्हणूनच अण्णा जन्मभर लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसले. तुला म्हणाले, "झोप लागली म्हणून माणूस संपत नाही रे. ऊठ, चहा घे." तू उठलास. चहात साखर मी जास्त घातली होती.

आता तूच सांग, टिल्लू. जगासाठी ती तुझी कल्पना आहे, घडलं नाही पण घडलं असतं तर अशी एक गंमत. आपल्या घरात ती घडलेली आहे. मुलाखतीत तुला विचारलं, इतकी भन्नाट कल्पना सुचली कशी? तू म्हणालास, अंघोळ करताना. मी तेव्हाच तुला फोन केला होता. "ताई, कोणाला कळणारे? आणि अण्णा कुठे खेळायला बसणारेत? तू ना, उगाच राईचा पर्वत करतेस." परवाही किती खुशीत होतास. हॉलमध्ये तो पत्ता निघाला की चारशे माणसं एकसुरात घोरतात म्हणे, प्रकाशकांनी त्याचा व्हिडिओ केलाय. आणि अंतिम फेरीत तुझ्यासमोर कोणी मावशी आलीय, बाहेरगावच्या सामन्यांत तिनं पोराटोरांना धूळ चारलीय, ती तुझ्याशी खेळणार म्हणून तिकिटं संपली. मी म्हटलं, असेल बाई कोणी.

अण्णांना कळलंय. काही महिन्यांपूर्वी दुकानात दोन कॉलेजातले पोरगे स्पीकर दुरुस्तीला घेऊन आले होते. थांबायचं होतं म्हणून तुझ्या खेळाची छोटी आवृत्ती त्यांनी बाकावरच मांडली. एकानं पत्ता उचलला आणि दोघंही मान टाकून घोरायला लागले. मी डबा घेऊन नुकतीच आत आले होते. अण्णा म्हणाले, "बघू रे." डोळ्याला भिंग लावून त्यांनी तो पत्ता वाचला, जसा एखाद्या सर्किटच्या पट्टीवरचा तुटका सांधा शोधतात तसा. मग परत दिला आणि स्पीकर दुरुस्त केला. पैसे घेतले नाहीत, डबा उघडला नाही. तुला त्यांची दुपारची झोप माहितेय, स्टुलावर पाय, छातीवर पेपर, गिऱ्हाईक आलं तरी हलायचे नाहीत. त्या दिवसापासून ते दुपारी झोपलेले नाहीत. ताठ बसून असतात. डोळे मिटायला लागले की उठून तोंडावर पाणी मारतात, पुन्हा कानात कोणी ओरडेल की काय अशा धसक्यानं. या वयात, टिल्लू. तू झोपलास तेव्हा तुझा पत्ता कोणी छापला नव्हता.

मी हॉस्पिटलात नर्सेसच्या ड्युट्या लावते. एखादीला सलग तिसरी रात्र एकटीला दिली आणि तिचा डोळा लागला, तर मी तिला बोलत नाही, मला बोलणी बसतात, आणि ती बसायलाच हवीत. हे तुला माहीत नसेल असं नाही. पण चुकीची ड्युटी लावणाऱ्या साहेबाच्या चित्रावर कोण हसणार? म्हणून तू लाळ गळणारा शिपाई काढलास. त्या दिवशी डबा धुऊन ठेवला आणि तुझी नियमांची पुस्तिका घेऊन बसले. तुझीच भाषा, तीच फाटे फोडायची सवय. शेवटून दुसऱ्या पानावर एक नियम सापडला. आगाऊ हुकूम. सुरुवातीलाच एखाद्या तुकडीला सांगून ठेवता येतं की अमुक झालं तर विचारायला थांबू नका, निघा, मग पत्ता काहीही म्हणो. त्यात अर्धं इंधन जातं, म्हणून तो कोणी वापरत नाही. बहुतेक तूही लिहून विसरलास.

तर ऐक. ती मावशी मी आहे, नावही तेवढंच लावून खेळले. रविवारी पहिला पत्ता प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणजे अण्णांच्याच, हातून काढायचा आहे ना? अण्णा गड्डी पिसणार नाहीत. मी त्यांच्याकडून तो पत्ता मागून घेईन, सगळ्यांना दिसेल असा टेबलावर उघडा ठेवीन आणि आपली बाजू घेईन. या वेळी शत्रू तुझ्या गळ्यात. हॉल घोरेल, मी कोणाला गप्प करणार नाही. तू फक्त पहिल्या रांगेकडे बघत ते ऐकायचंस. मग मी वरच्या पुलावरच्या रणगाड्यांना आगाऊ हुकूम देईन, ते बिनतारीवाल्याला झोपू देतील आणि खालच्या उताराकडे निघतील. उपांत्य सामन्यापर्यंत मी असाच प्रत्येक डाव जिंकलेय, हवं तर तुझ्या माणसांना विचार. चारशे माणसांना दिसेल की शहर एका माणसाच्या झोपेनं गेलं नव्हतं. आणि कोणी विचारलं की मावशी, ही युक्ती सुचली कशी, तर मी अंघोळीचं नाव घेणार नाही. माझ्या वडिलांनी टाकीवर काय भोगलं ते सांगेन, त्यांनी ते कोणाला आणि कशासाठी सांगितलं होतं तेही. अण्णांना मी हे सगळं विचारलंय. म्हणाले, "कोट इस्त्रीला टाक." तुला न सांगता आले असते तर तुझा चेहरा बघायला जास्त मजा आली असती, कबूल. पण हे पत्र शुक्रवारी तुझ्या हातात पडेल, तुझ्याकडे अख्खा शनिवार आहे. हातात माइक घेऊन माझ्या आधी तू बोलू शकतोस, आजारी पडू शकतोस, चादरही ओढू शकतोस. लहानपणापासून आपण काहीही बदलून खेळलो तरी खरा प्रश्न एकच होता, की निरोप वेळेवर पोचला असता तर. या वेळी तो पोचलाय.

तुझीच,
ताई