तीन काहिली, एक सायफन

२ मार्च, शनिवार
रात्री गोठलं, दुपारी वितळलं. म्हणजे मेपलचा रस सुटणार. झाडांना भोकं पाडून एकशे दहा बादल्या टांगल्या. यंदा एकट्याने. व्हर्ना नोव्हेंबरपासून बहिणीकडे सेंट जॉन्सबरीला आहे. तिला थोडा चेंज हवा होता. चेंज जरा लांबलाय, पण मी त्यावर बोलत नाही. मी समजूतदार नवरा आहे.
संकल्प: रोज पाकाची भट्टी. रोज गरम जेवण. रोज डायरी.

६ मार्च, बुधवार
मधले तीन दिवस रसच वाहत नव्हता. मग लिहायचं काय?
आज पहिली भट्टी. मागच्या काहिलीत कच्चा रस, मधलीत अर्धा आटलेला, पुढचीत पाक. रस आटेल तसा मागून पुढे सरकवायचा, एवढंच काम. एकतीस वर्षं व्हर्ना ते स्टुलावर बसून ओगराळ्याने करायची. जाळ घालायचं अवघड काम माझ्याकडे. आज लाकडं घालायला वळलो की पुढची काहील आटायची, ओगराळं धरलं की जाळ मंदावायचा. पाक काळपट झाला. माणसाला दोनच हात असतात, त्यात माझा काय दोष?
तळघरात खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा सापडला. कागदावर तिच्या अक्षरात 'मार्च'. जायच्या आधी करून ठेवला असणार. सवयीने मागच्या काहिलीवर सुतळीने टांगला.
जेवण: डोनट. गरम नव्हता.

९ मार्च, शनिवार
शोध लावला. तांब्याची नळी वाकवायची, रसाने भरायची, टोकं बोटांनी दाबून एक या काहिलीत, एक त्या काहिलीत बुडवायचं. रस आपोआप पुढे सरकतो. सायफन. दोन नळ्यांत एकतीस वर्षांचं काम संपलं. व्हर्नाला सांगायला फोन उचलला, पण तिला वाईट वाटेल म्हणून ठेवून दिला.
शेजारचा ओमेर लशान्स कुत्रं घेऊन आला. बराच वेळ नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नळी झकास आहे. गप्पा मारते का?"
ओमेरला विज्ञानातलं काही कळत नाही.

१४ मार्च, गुरुवार
चरबी काढली. व्हर्ना म्हणते, फेस वर चढला की चरबीला टेकतो आणि खाली बसतो. तिची आई असंच म्हणायची, आजीही म्हणायची. आज्या काहीही म्हणतात. एवढ्या मॉडर्न सिस्टीमवर सुतळीला लोंबणारं डुक्कर शोभत नाही. ओमेरच्या कुत्र्याला दिली. ओमेर म्हणाला, "बायको गेली, आता चरबीही गेली. या भट्टीत उरलं कोण?" मी आहे, असं सांगितलं. त्याने मान हलवली. ती होकारार्थी नव्हती.
फेस जरा जास्त वाटतो. हवेमुळे असेल.

२० मार्च, बुधवार
व्हर्नाचा फोन! रविवारी येतेय, शिवणयंत्र न्यायला. अर्थात, ते निमित्त. तेवढ्यासाठी कोणी चाळीस मैल येत नाही.
प्लॅन: भट्टी पूर्ण जोरात. परातीत स्वच्छ बर्फ दाबून त्यावर गरम पाकाची धार, सोबत काकडीचं लोणचं आणि डोनट. तिला फार आवडतं. मग दोघं निवांत बसू. तिचे हात रिकामे असतील, बोलता येईल. बोलायचे विषय काढून ठेवले. एक: सायफन.

२३ मार्च, शनिवार
भट्टीघर झाडलं. तिचं स्टूल बाहेर टाकलं आणि दोन खुर्च्या मांडल्या. दाढी केली. दुसरा विषय अजून सुचला नाही.

२४ मार्च, रविवार. सकाळी सहा
दोन्ही सायफन उत्तम चालू. छपरातून पांढरी शुभ्र वाफ. आज सगळं जमणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
एकंदरीत भेट चांगली झाली.
ती अकराला आली. केस कापलेत. दारातूनच वर बघून म्हणाली, "चरबी कुठंय?" मी सायफन समजावला. बारकाईने, वीसेक मिनिटं. खुर्चीवर ती बसलीच नाही. स्टूल कुठे गेलं विचारलं. बाहेर बर्फात आहे म्हणालो.
ती तिचा उजवा खांदा दाबत होती. म्हणाली, "एकतीस वर्षं मी त्या स्टुलावर बसून ओगराळं ओढलं, आल्डन. एकदा तरी विचारलंस, हात दुखतो का?"
मी ताबडतोब दाखवून दिलं की म्हणूनच तर सायफन बसवला.
ती खांदा दाबतच घराकडे वळली. पटलं असावं.
मग घरातून शिवणयंत्र गाडीत ठेवायला गेलो. जड आहे. त्यात पंधरा मिनिटं गेली. गाडीशी ती छपराकडे बघून म्हणाली, "धूर काळा येतोय." मी म्हणालो, लाकूड ओलं आहे.
बर्फावरचा पाक खायचा राहून गेला. घाईत होती.

२५ मार्च, सोमवार
लाकूड ओलं नव्हतं. मागच्या काहिलीत फेस चढला, नळीत शिरला, सायफनने हवा धरली, रस सरकायचा थांबला. पुढची काहील कोरडी पडून जळाली. तळाचे सांधे उकलले. दोन दिवसांचा पाक गेला.
नळीची जाडी चुकली असणार.
लोणच्याची बरणी एकट्यानेच संपवली. पोट बिघडलं.

२७ मार्च, बुधवार
ओमेरने त्याची जुनी काहील आणून दिली. नळीकडे बघितलंसुद्धा नाही. हा टोमण्यांहून वाईट प्रकार. स्टूल बर्फातून काढून पुसलं. चरबी मागितली तर म्हणाला, कुत्र्याने तेव्हाच खाल्ली.

६ एप्रिल, शनिवार
कळ्या फुगल्या. रसाला उग्र वास येतोय. मोसम संपला. आज शेवटची भट्टी.
गेले दहा दिवस ओगराळ्याने सरकवतोय. मागून मधे, मधून पुढे. जाळ घालायला उठायचं, परत बसायचं. स्टुलाची एक बाजू झिजून खोलगट झाली आहे. त्यावर बसलं की जाळाच्या दाराशी उभ्या माणसाची फक्त पाठ दिसत असणार. हे मला माहीत नव्हतं.
उजवा खांदा वर उचलवत नाही. रात्री कुशीवर झोपता येत नाही.
दुपारी तिला फोन केला. विषय काढून ठेवला नव्हता. सरळ विचारलं, हात दुखतो का?
मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.
"आता नाही दुखत," म्हणाली.