ठिपकेवाल्याचा दुसरा पर

मद्रास, २७ जानेवारी १९८६

ती. आजीस जेनिटाचा सा. न.

पोंगलच्या सुट्टीत तुझ्या टोपलीतून आणलेला झटक्या पाकट, तो विजेसारखे झटके देणारा चपटा मासा, बरणीत ठेवलाय. आमचे कॉलेजातले सर म्हणतात, अंगावर ठिपके आणि शेपटीवर पर एकच, असा पाकट जगात कुठेच नोंदलेला नाही! आणला मी, मापं घेतली मी. पण त्याच्यावर लिहिलेल्या निबंधावर नाव एकट्या सरांचं. विचारलं तर म्हणाले, कोळणीच्या नातीनं बरण्या धुवाव्यात. येत्या अकरा तारखेला ते शास्त्रज्ञांच्या सभेत वाचणार. फार रडू येतंय.

तुझी,
जेनिटा

मणप्पाड, १ फेब्रुवारी

येशू, मरिया, जोसेफ (ये. म. जो.)

चि. जेनिटास आजीचा आशीर्वाद. पत्र वाचलं आणि हसताहसता विळीवरच पडले असते बघ! ताडगूळ पाठवलाय, मुंग्या बघ त्याला.

अगं, ठिपकेवाल्याला पर दोनच. एकपरी तो साधा तपकिरी, आपल्या उथळ वाळूतला. थोराड काळा खोल पाण्यातला, वर्षाकाठी एखादा. इथल्या शेंबड्या पोरींनाही हे ठाऊक. तू वाढलीस मठाच्या शाळेत, टोपलीतली मासळी कधी निवडलीस? तुझ्या पाकटाचा मागचा पर मीच छाटला! झटके मारणारा असला की एक पर कापून टोपलीत टाकायचा, म्हणजे दुसरी बाई चुकून हात घालत नाही. त्या दीडशहाण्याला सांग एकदा. ऐकलं तर ठीक, नाही तर गप बस नि मजा बघ. तुझ्या आईची दाढ अजून ठणकतेय.

तुझीच म्हातारी,
सेबस्तियम्माळ

मद्रास, १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

सांगितलं गं. सर सगळ्यांदेखत म्हणाले, आता अंगठेबहाद्दर म्हातारी मला मासे शिकवणार का! मग सभेत मोठ्या ऐटीत त्यांनी बरणी फिरवली. रामनाडकडच्या एक वयस्क प्राध्यापिका, त्याही कोळ्याचीच लेक, त्यांनी भिंग लावलं आणि शांतपणे विचारलं, सर, ही सुरी कुणाची? सगळी सभा हसली. निबंधावर नाव होतं एकट्या सरांचं! बाईंनी मला बोलावून घेतलं. कुठल्या पाण्यात कुठला पाकट, ते तुझ्याकडून उतरवून आण म्हणाल्या.

तुझी लाडकी,
जेनिटा

मणप्पाड, १७ फेब्रुवारी

ये. म. जो.

चि. जेनिटास आशीर्वाद. अंगठा म्हणे! सही करते मी, वाकडी का होईना. सुट्टीत ये, सगळं सांगते. त्या कागदावर नाव तुझं आधी, माझं मागून. त्या बाईंना सुक्या मासळीचं करवाड देईन, तुझ्या सरालाही विसरायची नाही. त्याच्यासाठी एक ठिपकेवाला ताजा, झटके मारणारा निवडून ठेवीन. दोन्ही पर शाबूत. टोपलीत हात त्यालाच घालू दे.

मायेनं वाट बघणारी,
आजी