एकटीपुरता घेवडा

प्रिय जैनब,

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर चार महिने लिहितेय आणि खोडतेय. तुझ्या भवानी पेठेतल्या घराचा पत्ता माझ्याकडे आहे. ईदला आले होते तेव्हा रिक्षावाल्याला दाखवायला म्हणून तुझ्या अम्मींनीच लिहून दिला होता.

आज रविवार. काल भिजत घातलेला घेवडा कुकरमध्ये आहे आणि मी ओट्याशी बसून लिहितेय. एकटीपुरतं कडधान्य शिजवणं मला अजून जमत नाही. मूठभर भिजवलं तर तेवढ्यासाठी कुकर लावायचा जीव होत नाही, वाटीभर भिजवलं तर चार दिवस तेच. पहिल्या दिवशी उसळ, दुसऱ्या दिवशी पाणी वाढवून आमटी, मग भातात, आणि शेवटी उरलेलं ठेचून कांद्याबरोबर पोळीत. शेवटच्या दिवशी मी उभ्यानेच खाते. ताट घेतलं की समोरची जागा दिसते.

तू राहायला आलीस तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं. वाशीमला आई करायची, मी खायचे. हिंजवडीत आल्यावर मेसचा डबा लावला, त्यातली भाजी रोज एकाच रंगाची. तू आलीस त्याच आठवड्यात डबा बंद केलास. म्हणालीस, एवढ्या पैशात दोघी महिनाभर नीट जेवू, फक्त सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी भिजत घालायची आठवण ठेव. मग तुझ्या पेठेतल्या दुकानातून पिशव्या आल्या. मटकी, मसूर, हिरवे वाटाणे, चवळी. चवळीला आम्ही बरबटी म्हणतो हे ऐकून तू किती हसलीस! म्हणालीस, बरबटी हे कुणाच्या तरी भांडकुदळ आत्याचं नाव वाटतं. तेव्हापासून चवळी केली की आपल्याकडे आत्या जेवायला असायची.

आणि तो पहिला घेवडा. तुला उशीर होणार होता म्हणून मी कौतुकाने करायला घेतला. टोमॅटो, चिंच, मीठ सगळं एकदमच कुकरमध्ये घातलं. नऊ शिट्ट्या झाल्या तरी दाणे गारगोटीसारखे. तू बस अडकल्यामुळे दमून आली होतीस, एक दाणा चावलास आणि शांतपणे म्हणालीस, 'आंबट आधी घातलं की दाणा हट्टाला पेटतो. आधी त्याला मऊ होऊ दे, मग काय ते सांग.' त्या दिवशी आपण दूध-पोहे खाल्ले. ती गारगोटी तू टाकू दिली नाहीस, दुसऱ्या दिवशी चिमूटभर सोडा घालून पुन्हा शिजवलीस. चव बेताचीच होती, पण आपण दोघींनी पातेलं पुसून खाल्लं.

आता मला सगळं येतं. दोन शिट्ट्या, मग गॅस बारीक, मग बंद करून वाफेवर सोडून द्यायचं. शिजवल्याचं पाणी फेकायचं नाही. येतं, पण कुणाला सांगणार? ऑफिसात डबा उघडला की सूरज म्हणतो, काय अक्षता मॅडम, आज पण प्रोटीन? मीही हसते. खरं म्हणजे पूर्ण भाडं मी एकटी भरते, त्यामुळे दुसरं काही परवडतच नाही. जागा राखली आणि तिच्यात राहणं अवघड करून बसले.

तू गेलीस तो दिवस मी रोज आठवते. मी तुला सांगितलं होतं की माझी मावसबहीण कल्याणी नोकरीसाठी पुण्याला येतेय, मावशीला नाही म्हणता येत नाही. तू विचारलंस, कधी येतेय? मी म्हटलं, एक तारखेला. तू मान हलवलीस. तुझी बहीण रुकसाना पंधरा दिवस आपल्याकडे राहिली होती, तेव्हा तिघी मजेत मावलो होतो. तरी त्या दिवशी तू एकदाही म्हणाली नाहीस की तिघी राहू. बॅग भरलीस, फडताळातलं काही घेतलं नाहीस. जाताना एवढंच म्हणालीस, 'घेवडा लवकर संपव, भुंगा लागेल.' आता हिंजवडी ते भवानी पेठ, जाऊन-येऊन रोजचे चार तास तू बसमध्ये काढतेस.

काल स्वारगेटला अम्मी भेटल्या. साताऱ्याहून येत होत्या, हातात पिशव्या. मी त्यांना आधी पाहिलं आणि खरं सांगते, खांबाआड सरकले. पण त्यांनी हाक मारली. 'अक्षता! अगं, आम्हाला विसरलीस की काय?' मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'बहीण रमली का गं तुझी? जैनब सांगत होती, सख्ख्यासारखं करतेस तिचं. चांगली मुलगी आहेस.' मी हो म्हटलं. त्यांना रिक्षात बसवलं आणि स्टँडवरच बाकावर बसून राहिले. माझ्या दोन बस गेल्या.

जैनब, कल्याणी कधी आलीच नाही. तिचं लग्न होऊन ती कारंज्याला सुखात आहे, पुणं तिने पाहिलंही नाही. तू घरी गेली होतीस त्या रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले होते. म्हणाले, 'तुमची मैत्रीण चांगलीच असणार हो. आमचा प्रश्न तिच्या चांगुलपणाचा नाहीये.' दुपारी घरमालकांचा फोन. 'मला डोक्याला ताप नकोय. महिनाअखेर ती तरी जाईल, नाहीतर दोघी.' जैनब, मी भांडले नाही, का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी 'बरं' म्हटलं. एवढंच. मग कल्याणी शोधून काढली. मला वाटतं तुला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तू घरी माझंच खोटं सांगितलंस, मला सांभाळून. काल घरमालकांना फोन करून जागा सोडतेय म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. ते म्हणाले, 'तुम्हाला कोण जा म्हणालं होतं?' यात माझा मोठेपणा काही नाही, भाडं झेपतच नव्हतं. हे पत्र एवढ्यासाठी की येत्या रविवारी अकरा वाजता मी अम्मींकडे येणार आहे, त्यांना हे सगळं माझ्या तोंडाने सांगायला. तुझ्या पाठीमागे जाऊन सांगणं बरं दिसलं नसतं. तुला तेव्हा घरात थांबायचं नसेल तर थांबू नकोस. पण त्या मला चांगली मुलगी म्हणाल्या आहेत, आणि ते मला माझ्याजवळ ठेवून घेता येत नाही.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
अक्षता