भिंतीकडचं नाव

लालबाग, बुऱ्हाणपूर
६ जानेवारी २०२५

ती. कोकिळाताईस,
चुडामणचा शि. सा. न. वि. वि.

खकनारला थंडी कडक असेल. केळीला जपा, आणि केळीच्या आधी तुझ्या गुडघ्यांना. हातात फोन असून हा माणूस अजून पत्रंच लिहितो, असं मोहित नक्की म्हणेल. त्याला सांग, फोनवर आजीचा आवाज येतो, पत्रात आजी दिसते.

आमच्या छोट्या संग्रहालयात सध्या स्वप्न उतरल्यासारखं झालं आहे. इंदूरहून पूर्णिमा नावाची मुलगी आली आहे. तिने एकेका वस्तूचे चारही बाजूंनी शेकडो फोटो काढले. आता पाटीएवढ्या पडद्यावर ती वस्तू बोटाने फिरवता येते. जुन्या नाण्याची पाठ मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिली. चंद्राची पलीकडची बाजू दिसावी, तसं वाटलं. कानाला यंत्र लावलं की वस्तू स्वतःची गोष्ट सांगणार. मुलं येतील, फिरवतील, ऐकतील. आपल्या वेळी असं असतं तर मी भूगोलात नापास झालो नसतो.

दर शनिवारी मी तिथं शाळांच्या मुलांना हिंडवतो, हे तुला ठाऊकच आहे. त्यांची सर्वांत आवडती वस्तू म्हणजे एक तांब्याची घागर. आपल्या गावाच्या पोटातून जुनं पाणी वाहतं ना, त्या पाण्याच्या एका विहिरीसारख्या कुंडीत ती सापडली, आणि पाण्याचा आवाज अजून तिच्यात राहतो, असं मी सांगतो. मुलं काचेला कान लावतात आणि शपथेवर सांगतात, सर, ऐकू येतंय. ही गोष्ट माझ्याच आवाजात यंत्रात भरायची असं पूर्णिमा म्हणते. पण पोरगी प्रत्येक वाक्याला विचारते, सर, आधार क्या है? कवितेला आधार विचारणारी मला पहिलीच भेटली. घागरीच्या भिंतीकडच्या बाजूला काही ठिपके कोरलेले दिसतात, ती अक्षरं कोणती, असंही विचारत होती. मी म्हटलं, चष्मा जुना झाला.

१ फेब्रुवारीला शाळांसाठी सगळं खुलं होईल. फिरती चित्रं मात्र मोहितला मोबाईलवर आताच पाहता येतील. मोठ्यांना नमस्कार, लहानांना लाड. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा,
चुडामण

---

खकनार
संक्रांत, १४ जानेवारी २०२५

चि. चुडामण यास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटात तिळगूळ घातला नाही. का ते खाली वाच.

तुझं पत्र मोहितने वाचून दाखवलं आणि तिथल्या तिथं मोबाईलवर तुमचं संग्रहालय उघडलं. म्हणाला, आजी, ही बघ आजोबांची घागर, बोट लाव, फिरते. मी बोट लावलं. घागर फिरली. आधी पोटावरचा पोचा आला. मग तुझी भिंतीकडची बाजू आली. सौ. द्वारका. आईचं नाव, शेवटचा काना वाकडा. कासार नाव घालत होता तेव्हा मी आईला चिकटून उभी होते, चुडा. माझ्या चष्म्याला काही झालेलं नाही.

ती कुठल्या कुंडीत सापडली रे? आपल्या मोरीवरच्या कट्ट्यावर सापडली असेल.

आईने ती माझ्या नावाने ठेवली होती. आई गेल्यावर मी मागितली तर तू म्हणालास, सापडत नाही. त्याच महिन्यात तुझ्या बायकोच्या, मथुरेच्या फळीवर स्टीलचे नवे डबे पाहिले आणि तिला मी दारातच म्हटलं, "माझ्या आईला मोडीत घातलंस." तिने पदर सारखा केला, आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ते पाणी मी प्यायले नाही. बावीस वर्षं तुझ्या घराची पायरी चढले नाही. ती गेली तेव्हा तेवढी एकदा तेराव्याला आले, तीही तिच्या फोटोकडे पाठ करून बसले. आणि त्या बावीस वर्षांत तू मला एकदाही म्हणाला नाहीस, ताई, चल, संग्रहालय दाखवतो. आता कळलं.

तो पोचा कसा पडला ते आठवतं का? घाटाच्या पायरीवर घागर तुझ्या हातून सुटली. तू आकाशात बगळे मोजत होतास. आईची चापट मी खाल्ली, कारण तू रडायला आला होतास. लहानपणी तुझ्या वाटचं मी खाल्लं, मोठेपणी मथुरेने. आता त्या यंत्रात काय सांगायचं ते तू ठरव. कुंडीचं सांगितलंस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

आशीर्वाद वर लिहून झाले आहेत, ते राहू दे. मायेचं तुझ्याकडे.

कोकिळा

---

लालबाग, बुऱ्हाणपूर
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. लिहिताना हात जड झाला आहे.

तीन दिवस तुझं पत्र खिशात घेऊन तापीच्या घाटावर जात होतो. सकाळी पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा काठ नसतोच. मलाही आयुष्यभर तसंच आवडलं. जे दिसत नाही, तिथे हवं ते रचावं.

खरं सांगतो. आई गेली तेव्हा संग्रहालय नवं होतं, गावातून जुन्या वस्तू मागत होते. घागर खकनारला गेली की आई या गावातून गेली, असं मला वाटलं. ती इथेच राहावी, येता-जाता दिसावी. पण रोजच्या वापरातली घागर कोण घेणार? म्हणून कुंडीची गोष्ट रचली, आणि कपाटात ठेवताना नाव भिंतीकडे केलं. मुलांना गोष्ट आवडली. सांगता सांगता मलाही पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

मथुराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू दारातून गेलीस तेव्हा तिने मला एवढंच म्हटलं, "ताईंना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर चुगली होईल." मी उद्या म्हणालो. पुढच्या राखीला उद्या म्हणालो, दिवाळीला उद्या म्हणालो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. माझा डबा मात्र रोज त्याच स्टीलच्या डब्यात भरला.

शेवटी पूर्णिमाला सगळं सांगितलं. वाटलं, घागर बाहेर जाईल आणि मागोमाग मी. तिने पडद्यावर घागर फिरवून नाव समोर आणलं. मग म्हणाली की सर, आधार मिल गया. तिच्या डोक्यात आता वेगळंच आहे. मुलांनी घागर फिरवून नाव शोधायचं, मग घरी जाऊन आपल्या भांड्यांवरची नावं शोधायची, फोटो काढून पाठवायचे. संग्रहालयाच्या वहीतली खोटी नोंद मी माझ्या हाताने खोडली. समितीने ऐकवायचं ते ऐकवलं, मी मान खाली घालून ऐकलं.

मग बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून रजया टांगलेल्या एका खोलीत बसून गोष्ट नव्याने सांगितली. दोनदा मध्येच सोडून दिली. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेलो. घाट, बगळे, तू खाल्लेली चापट, मथुराचं गप्प राहणं, सगळं आहे. माझ्या नावासकट. एकही शब्द सजवला नाही, हे ऐकून तुला आश्चर्य वाटेल.

घागर तुझी आहे. समितीने लिहून दिलं आहे. मोहितला पाठव, त्याच्या हाती देतो. कपाट रिकामं राहिलं तरी गोष्ट राहील.

मायेचं मागत नाही. उत्तर आलं तर दारात उभा असेन.

चुडामण

---

खकनार
२ फेब्रुवारी २०२५

चि. चुडामण यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी मोजून नाही.

काल मोहितने कानात ते लावून दिलं. तू बोललास. पहिल्यांदा मला तुझा आवाजच ओळखू आला नाही. शाळेत कविता म्हणताना लावायचास तो सूर नव्हता. मथुरेचं नाव आलं तेव्हा मी मोहितला अंगणात पाठवलं आणि परत लावलं. कसं लावायचं ते आता येतं मला.

शेजारची आशाबाई सकाळी आपली परात घेऊन आली. तिच्या नातीला शाळेतून सांगितलंय, नाव शोधून आण. सासूचं निघालं, म्हणून आशाबाई वैतागली आहे. चाळीस वर्षं परात स्वतःची समजत होती.

घागर मला नको. माझ्याकडे आली तर मोहितची बायको उद्या तिच्यात छत्र्या ठेवील. तिथेच असू दे. पण नाव भिंतीकडे नको, पोरांकडे कर. आणि खाली देणाऱ्याचं नाव लिहितात ना, तिथे तुझं लिहू नकोस, माझंही नको. मथुराबाई चुडामण लिही. गप्प राहून जपून ठेवली ती तिनेच.

रथसप्तमी अजून गेलेली नाही, म्हणून तिळगूळ सोबत आहे. येत्या शनिवारी मोहित मला गाडीने आणतोय. संग्रहालय नंतर बघू. आधी घरी येईन, मथुरेच्या फोटोसमोर तोंड करून बसेन. स्वयंपाकाचं काही काढू नकोस. तांब्याभर पाणी दे. तेव्हाचं प्यायचं राहिलंय.

तुझीच,
कोकिळाताई