‘चाळण’ कोणाच्या हाती द्यायची

मी, वनमाला धोंडिराम कांबळे, वय वर्षे एकोणसाठ, संगणक अभियंता, राहणार पंतनगर, घाटकोपर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर दबाव आणू शकेल असा एकच माणूस आहे. त्याचं नाव पुढे येईल.

१. राहतं घर भाऊ बाळ याला. “तू कॉम्प्युटरशीच लग्न लाव,” असं त्याने मला चारचौघांत सुनावलं होतं, ते मी विसरलेले नाही. तरी आईला शेवटपर्यंत त्याने सांभाळलं. घर त्याचंच.

२. मल्टिमीटर, सोल्डरिंगचा संच आणि ऑपरेशनचा खर्च भागून बँकेत जे उरेल ते लिफ्ट मेकॅनिक काशीराम घाडी याला. कारण पुढच्या कलमात.

३. माझी खरी मालमत्ता म्हणजे ‘चाळण’ हा कंपायलर. इंजिनिअरने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणं हे त्याचं काम. लिफ्टच्या कंट्रोलरसाठी मी तो लिहिला. भागीदार सुशांत परब याने धंदा पाहिला. हक्क माझ्या एकटीच्या नावावर आहेत.

जो तो घेईल त्याला गुणदोष ठाऊक असावेत. संशयाची ओळ दिसली की ‘चाळण’ अडून बसतो, पुढे जाऊ देत नाही. लिहिलेली एकही तपासणी गाळत नाही. पण तो संथ आहे. चूक दाखवताना इतका तुसडा, की नवीन मुलं रडकुंडीला येतात. आणि त्यातून निघणारा प्रोग्रॅम लठ्ठ असतो, स्वस्तातल्या चिपमध्ये मावत नाही.

या शेवटच्या दोषावर उपाय म्हणून सुशांतने, मी नाही म्हटलेलं असताना, ‘झटपट’ नावाचा पर्याय बसवला. झटपट अनावश्यक वाटलेल्या तपासण्या काढून टाकतो. लिफ्ट हलण्याआधी प्रोग्रॅम दोनदा विचारतो, दरवाजा बंद आहे का? दोन्हींच्या मध्ये उत्तर बदलणारी ओळ झटपटला दिसली नाही, म्हणून त्याने दुसरा प्रश्न उडवला. अरे, दरवाजा प्रोग्रॅमची ओळ उघडत नाही, माणूस उघडतो.

मुलुंडच्या एका नव्या इमारतीत चाचणी होती. काशीराम एक पाय लिफ्टमध्ये ठेवून उभा होता. दरवाजा सताड उघडा, आणि लिफ्ट खाली सुटली. माझी भाची ऋतिका शेजारीच होती. तिने त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं, तरी पाऊल अडकलंच. घोटा चुरला. तो ओरडत होता आणि सुशांत मला म्हणाला, “जिवावरचं पायावर निभावलं ना! एवढी पॅनिक कशाला होतेस?”

“झटपट काढ. आत्ताच्या आत्ता.”

“काढतो गं.”

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

४. ‘चाळण’चे सर्व हक्क ऋतिका बाळ कांबळे हिला. अट एकच: झटपट कोणालाही, कुठल्याही किमतीला द्यायचा नाही. “आत्या, पुसूनच टाकू या ना,” असं तू म्हणालीस. पुसू नकोस. असा दोष कसा शिरतो ते शिकवायला तो ठेव. आणि तुसडेपणाचं काहीतरी कर, मला ते जमलं नाही.

५. सुशांत परब याला काही नाही. ज्याला काही मिळत नाही तो साक्षीदार चांगला, असं वकील तेजल मोरे सांगतात. म्हणून त्यालाच बोलावलं आहे. अट माहीत नव्हती असं त्याला पुढे म्हणता येऊ नये.

६. हे कलम आयत्या वेळी वाढवत आहे. सुशांत आला, ऋतिका आणि तेजल मोरे यांच्यासमोर वाचत गेला आणि चौथ्या कलमापाशी थांबला.

“वनमाला, ही अट काढ.”

“का?”

त्याने कागद उलटा ठेवला. शेवटी ऋतिकानेच विचारलं, “काका, कुठे बसवलाय तुम्ही झटपट?”

“अंधेरीत दोन सोसायट्या,” तो खाली बघून म्हणाला. “बोरिवलीत एक. लोक राहायला आलेत.”

माझ्या छातीत कळ आली. ऋतिका पाण्यासाठी उठली, तिला मी बसवलं. “आधी फोन लाव,” मी सुशांतला म्हटलं. “स्पीकरवर.”

अंधेरीच्या दोन्ही लिफ्ट लगेच बंद झाल्या. बोरिवलीचा वॉचमन फोन उचलेना. सुशांत पुन्हा पुन्हा लावत राहिला. अखेर उचलला.

“लिफ्ट बंद कर रे! मेन स्विच पाड!”

“साहेब, एक आजी आत आहेत. खाली येतायत. उतरल्या की पाडतो.”

आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो. दरवाजा सरकल्याचा आवाज आला. मग काठीचा टकटक आवाज, बाहेर फरशीवर. मग खटका.

“पाडला, साहेब.”

तिन्ही लिफ्ट बंद आहेत हे कानांनी ऐकून मगच मी सही करत आहे. अट कायम.

सही: वनमाला धोंडिराम कांबळे
घाटकोपर, शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

वनमालाबाईंनी आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार १: तेजल मोरे, वकील (सही)

साक्षीदार २: सुशांत परब (सही)
बोरिवलीचा कंट्रोलर काढायला इथूनच निघतोय. सु. प.